गाडीवर सीबी रेडिओचा अँटेना बसवताय? आधी वरच्या तारा बघा

अंबड (प्रतिनिधी) : ऊस वाहतूक असो, हार्वेस्टर असो की मुरमाचे टिप्पर, चार-पाच गाड्या एकाच कामावर असल्या की दिवसभर फोनाफोनी चालते. भोकरदन-जाफराबादकडच्या डोंगराळ भागात नाहीतर गोदाकाठच्या आडरानात मोबाईलची रेंज गेली की सगळं अडतं. अशा ठिकाणी टॉवरशिवाय एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बोलता येतं ते सीबी म्हणजेच सिटीझन बँड रेडिओवर. अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांनी १९७० च्या दशकात हा रेडिओ गाजवला.

सेट घेताना सगळे सेटचीच किंमत विचारतात. आवाज किती लांब जाणार हे मात्र अँटेना आणि तो कुठं, कसा बसवला यावर ठरतं. सपाट रानात दोन गाड्यांमध्ये साधारण ५ ते ८ किलोमीटर धरून चालावं. मध्ये टेकडी आली की अंतर एकदम कमी होतं.

आधी कायदा

आपल्या देशात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय बोलता येतं. पण सेटला दूरसंचार विभागाची मंजुरी लागते, त्याला 'ईटीए' म्हणतात. दुकानदाराकडून त्याचा कागद मागून घ्या. बाहेरून आलेल्या अमेरिकन पद्धतीच्या सेटवर ४० चॅनल असतात. त्यातले १ ते २७ आपल्या पट्ट्यात बसतात, २८ पासून पुढचे बाहेर जातात. ते वापरू नका. ताकद वाढवायचा वेगळा डबा कुणी जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा, ५ वॅटच्या वर गेलं की सूट संपली.

ऑनलाइन मिळणारे हातातले वॉकीटॉकी वेगळ्या पट्ट्यावर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच सेटला परवाना लागतो. ही माहिती न देता विक्री होत असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या.

किती लांबीचा घ्यावा?

२७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिचा पाव भाग, म्हणजे पावणेतीन मीटर, जवळपास ९ फुटांची काडी सगळ्यात चांगली चालते. पण आता हिशोब करा. पिकअपचा टप साधारण साडेसहा फूट. त्यावर ९ फूट म्हणजे साडेपंधरा फूट झाले. रस्ता सोडून रानातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेची जमिनीपासून कमीत कमी उंची नियमाने ४.६ मीटर, म्हणजे जेमतेम १५ फूट आहे. आणि आपल्याकडं लोंबकळणाऱ्या तारा काय उंचीवर असतात हे सांगायची गरज नाही.

म्हणून टपावर ९ फुटी काडी बसवूच नका. बुडाला किंवा मध्यावर कॉइल असलेला ३ ते ४ फुटांचा अँटेना घ्या. अंतर थोडं कमी मिळेल, पण जीव सुरक्षित राहील. ट्रकचा टप आधीच उंच असतो, तिथं आरशाच्या ब्रॅकेटवर बसवतात. बसवून झाला की जमिनीपासून टोकापर्यंत टेप लावून उंची मोजा आणि ती ड्रायव्हरला पाठ करून द्या.

कुठं आणि कसा बसवावा?

गाडीचा पत्रा हा अँटेनाचा अर्धा भाग समजा. त्यामुळे पत्र्याच्या टपाचा मधोमध ही सगळ्यात चांगली जागा, आवाज चारी बाजूंना सारखा जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवला तर पुढच्या उजव्या बाजूला जास्त आणि बाकीकडं कमी जातो. फायबरच्या छतावर किंवा ट्रॅक्टरच्या ताडपत्रीच्या छत्रीवर नुसता ठेवून उपयोग नाही. तिथं लोखंडी ब्रॅकेट चेसिसला पक्का जोडावा लागतो.

लोहचुंबकाचा अँटेना लावायला-काढायला सोपा. पण खाली धूळ राहिली तर पकड सुटते आणि रंगही खरवडतो. रोजच्या कामाला नटबोल्टचा ब्रॅकेट बरा. ब्रॅकेटखालचा रंग घासून पत्रा उघडा करा, मगच नट आवळा. वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस लावा. टपाला भोक पाडलं तर रबरी वायसर आणि सिलिकॉन लावा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट सेटवर गळेल.

केबल ५० ओहमची घ्या. टीव्हीच्या डिशची केबल ७५ ओहमची असते, ती इथं चालत नाही. केबल दारात चेंगरू देऊ नका. सेटची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या, म्हणजे अल्टरनेटरची घरघर कमी येते.

सेट जळू नये म्हणून

पाइप चोंदलेला असताना मोटार चालू केली तर जोर मोटारीवर येतो. तसंच अँटेना जुळलेला नसेल तर ताकद माघारी सेटमध्ये येते आणि सेट जळतो. अँटेना न जोडता तर माइकचं बटण कधीच दाबू नका.

माघारी येणारी ताकद एसडब्ल्यूआर मीटरवर दिसते. गाडी मोकळ्या रानात उभी करा, दारं लावा, चॅनल १ आणि २७ वर मोजा. आकडा दीडच्या आत असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेला तर बोलू नका. १ वर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड आहे, थोडा वाढवा. २७ वर जास्त आला तर लांब आहे, थोडा कमी करा. दोन्हीकडं जास्त असेल तर पत्र्याची जोडणी किंवा केबल तपासा.

तारेला लागलाच तर

गाडीतच बसून राहा. कुणाला जवळ येऊ देऊ नका. महावितरणला १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगा. एक पाय जमिनीवर आणि हात गाडीला, असं झालं तर करंट अंगातून जातो. गाडीने पेट घेतला तरच गाडीला हात न लावता दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत लांब जा.

विजा कडाडायला लागल्या की सेट बंद करून अँटेनाची केबल काढून ठेवा. गाडी चालवताना माइक हातात धरणं मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे, तेव्हा बोलायचं काम शेजारच्या गड्याकडं द्या.