परसातील कोंबड्यांसाठी अंडी घालण्याची पेटी

अंडी घालण्याची पेटी म्हणजे पाळीव कोंबडीने ठरावीक, सुरक्षित व सहज सापडेल अशा ठिकाणी अंडे घालावे यासाठी खुराड्यात किंवा घराच्या आडोशाला केलेली निवाऱ्याची जागा होय. लाकडी खोका, बांबूची टोपली, आडवा ठेवलेला माठ, तेलाचा रिकामा डबा यांपैकी कशाचाही त्यासाठी उपयोग करता येतो. बंदिस्त शेडमध्ये वाढवलेल्या कोंबडीला निवडीस फारसा वाव नसतो. दिवसभर मोकळी हिंडणारी गावरान कोंबडी मात्र आपली जागा स्वतः निवडते, आणि तिने निवडलेली जागा पाळणाऱ्याच्या सोयीची क्वचितच असते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद परिसरासारख्या कापूस, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या भागात अशा जागा विपुल असतात. वेचणीनंतर सरपणासाठी रचून ठेवलेला पऱ्हाटीचा ढीग, तुराट्यांचा कूड, गोठ्यातील कुटाराचा कोपरा व कुंपणाची झुडपे या कोंबडीच्या विशेष आवडीच्या.

महत्त्व

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात परसातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी होती. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारणपणे ५० ते ७० अंडी घालते. म्हणजे एखाद्या कोंबडीने कुंपणात लपवलेली बारा अंडी मुंगसाने खाल्ली, तर तिच्या वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. गावरान अंड्याला शेडमधील अंड्यापेक्षा अधिक भाव मिळतो व तो पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतो. त्यामुळे हे नुकसान हिशेबाच्या वहीत कुठे दिसत नसले, तरी मीठमिरचीच्या खर्चात जाणवते. लपलेल्या घरट्यावर बसलेली कोंबडी स्वतःही रानमांजराच्या किंवा कोल्ह्याच्या तावडीत सापडते. शिवाय पऱ्हाटीच्या ढिगात हात घालून अंडी शोधणे साप व विंचू यांमुळे धोक्याचे असते. पेटीचा हा लाभ अंड्यांच्या संख्येहून मोठा मानावयास हवा.

कोंबडीचे वर्तन

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. त्याची मादी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला, नजरेस न पडणाऱ्या खळग्यात अंडी घालते. काळोख, आडोसा, कोरडे मऊ तळ आणि पाठीमागे आधार या चार गोष्टींचा शोध घेण्याची तीच प्रवृत्ती परसातील कोंबडीतही टिकून आहे.

बलक अंडाशयातून सुटल्यापासून पूर्ण अंडे बाहेर येईपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी २० तासांच्या आसपास काळ कवच तयार होण्यात जातो. बलक सुटल्यावर अंडाशयात मागे उरलेल्या पुटिकेतील संप्रेरके दुसऱ्या दिवशी कोंबडीला घरटे शोधण्यास प्रवृत्त करतात. म्हणून अंडे घालण्यापूर्वी तासदोन तास ती अस्वस्थ होते, कोपरे हुंगल्यासारखी फिरते, आत डोकावते, बसते, उठते आणि पुन्हा फिरते. बहुतेक कोंबड्या सकाळच्या वेळी अंडी घालतात. अंडे घातल्यानंतरचा तिचा मोठा ओरडा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो ओरडा ती घरट्यातून उठून आल्यावर करते, म्हणून आवाजाच्या रोखाने गेलेल्या माणसाला घरटे सापडतेच असे नाही. सकाळी एकटी, गुपचूप कळपातून बाजूला होणाऱ्या कोंबडीवर दुरून नजर ठेवणे अधिक फलदायी ठरते.

ज्या ठिकाणी आधीच अंडे आहे ते ठिकाण कोंबडी पसंत करते. चार पेट्या रिकाम्या असताना एकाच पेटीपुढे तिघींची रांग लागते ती याच कारणाने. सवय लावण्याच्या बहुतेक युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सवय लावण्याची रीत

सर्वांत जुनी रीत डालग्याची. घरातील जाणती स्त्री सकाळी खुराडे उघडताना प्रत्येक कोंबडी हाती घेऊन शेपटीखाली चाचपून पाहते. अंडे हाताला लागले, तर ती कोंबडी मऊ गवत घातलेल्या टोपलीजवळ डालग्याखाली झाकून ठेवते आणि अंडे घातल्यावरच सोडते. चारपाच कोंबड्या असलेल्या घरात आजही याहून खात्रीचा उपाय नाही. मात्र चाचपणी हळुवार हाताने व्हावी. पोटात अंडे फुटल्यास कोंबडी दगावू शकते.

कोंबड्या अधिक असल्यास सर्वांनाच दहा-साडेदहा वाजेपर्यंत खुराड्यात ठेवावे. आत पाणी, थोडे दाणे व पेट्या असाव्यात. आठदहा दिवस हा क्रम न चुकता पाळल्यास बहुतेक कोंबड्या नंतर मोकळ्या सोडल्या तरी अंडे घालण्यासाठी पेटीकडे परत येतात. मध्येच एक दिवस सवलत दिली की जुनी जागा पुन्हा आठवते. त्याच काळात जुन्या जागाही बंद कराव्या लागतात. ढिगाखालची फट विटांनी बुजवावी, गोठ्याच्या कोपऱ्यात टोपले पालथे घालावे. जी जागा बंद करणे अशक्य आहे, तिथेच पेटी नेऊन ठेवावी आणि कोंबडी पेटीत बसू लागल्यावर ती दररोज थोडीथोडी खुराड्याकडे सरकवावी.

पेटीत एक खोटे अंडे ठेवल्याने मोठी मदत होते. लाकडाचे अंडे, पांढरा गुळगुळीत गोटा किंवा टेबल टेनिसचा चेंडूही चालतो. चेंडू हलका असल्याने त्यात छिद्र पाडून वाळू भरावी व छिद्र बंद करावे. खरेच अंडे ठेवायचे तर त्यावर पेन्सिलीने खूण करून ते दोनतीन दिवसांनी बदलावे. अनेक घरांत उकडलेले अंडे ठेवतात, पण तो उपाय चांगला नाही. ते नासते, आणि फुटल्यास कोंबड्यांना अंडे खाण्याची चटक लागते. ही चटक एकदा लागली की मोडणे फार कठीण जाते.

प्रथमच अंड्यावर येणाऱ्या तलंगांच्या बाबतीत काम सोपे असते. गावरान तलंग साधारण सहा ते सात महिन्यांची झाल्यावर अंडे घालू लागते. त्याच्या दोनतीन आठवडे आधीच पेट्या मांडून ठेवल्या, तर पहिले अंडे बहुधा तिथेच पडते. पहिल्या जागेची ओढ कोंबडीला दीर्घकाळ राहते.

पेटीची रचना

लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटर असलेली पेटी गावरान कोंबडीस पुरते. गिरिराजा, वनराजा अशा थोराड जातींसाठी ती ३५ सेंटिमीटरपर्यंत असावी. चार ते पाच कोंबड्यांमागे एक पेटी हे प्रमाण सर्वमान्य आहे. गवत व अंडी बाहेर घरंगळू नयेत म्हणून तोंडाशी १० ते १५ सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी लावावी. पेटीचे तोंड उजेडाच्या विरुद्ध दिशेला असावे किंवा त्यावर गोणपाटाचा तुकडा सोडावा.

पेटी जमिनीपासून हात-दीड हात उंच, परंतु रात्री बसण्याच्या दांडीपेक्षा खाली हवी. कोंबड्या झोपण्यासाठी खुराड्यातील सर्वांत उंच जागा निवडतात. पेटी दांडीहून उंच असली, तर त्या तिच्यातच झोपतात आणि सकाळी ती विष्ठेने भरलेली असते. याच कारणासाठी पेटीचे छप्पर उतरते ठेवतात व सायंकाळी तिचे तोंड बंद करतात. तळाशी भाताचे तणस किंवा मऊ गवत घालावे. सोयाबीनचे कुटार या भागात फुकट मिळते खरे, पण ते टोचते व त्याची धूळ उडते.

पेटी नीट असूनही कोंबड्या अचानक ती टाळू लागल्या, तर फटींत कीड असल्याचा संशय घ्यावा. कोंबड्यांची गोचीड व लाल माइट दिवसा लाकडाच्या सांध्यांत दडून राहतात आणि रात्री रक्त शोषतात. गवत जाळून टाकणे, फटींना चुना लावणे व तळाशी चुलीची चाळलेली राख पसरणे हे घरगुती उपाय आहेत. प्रादुर्भाव अधिक असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्यावे.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. टिनाच्या छपराखाली ठेवलेला तेलाचा डबा अशा वेळी भट्टीसारखा तापतो आणि कोंबडी तो सोडून ओल्या मोरीजवळ किंवा झाडाखाली अंडे घालते. यात दोष कोंबडीचा नसतो. उन्हाळ्यापुरता डबा काढून तिथे तोंड फुटलेला जुना माठ आडवा, विटांचा टेकू देऊन ठेवावा आणि वर ओले गोणपाट टाकावे. माती थंड राहते व आत काळोखही मिळतो. कोंबड्यांना सकाळी कोंडून ठेवण्याची वेळही या दिवसांत नऊपर्यंतच असावी.

उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. कळपात कोंबडा असल्यास अंडी फलित असतात व सुमारे २१ अंशांच्या वर त्यांतील गर्भ हळूहळू वाढू लागतो. मे महिन्यात झुडपात चार दिवस राहिलेले अंडे खाण्यासही योग्य राहत नाही आणि उबवण्यासही.

खुडूक कोंबडी

दहा-पंधरा अंड्यांनंतर गावरान कोंबडी बहुधा खुडूक होते व पेटी अडवून बसते. पिल्ले हवी असल्यास तिला रात्री उचलून वेगळ्या टोपलीत, राखेवर गवत घालून, अंड्यांवर बसवावे. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. पिल्ले नको असल्यास तिला तीनचार दिवस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे. खुडूक मोडण्यासाठी काही ठिकाणी तिच्या नाकपुड्यांत पीस खुपसतात. ही रीत क्रूर असून तिची काही गरज नाही.

अंडी लपवली की थांबली?

दिवाळीनंतर अंडी कमी झाली की कोंबडी बाहेर अंडी घालते, असा समज होतो. दरवेळी तसे नसते. जूनमध्ये येथे दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा तासांचा. उजेड घटल्याने अंडी आपोआप कमी होतात. तुरा लाल व टवटवीत असेल आणि शेपटीखालील दोन हाडांमध्ये दोनतीन बोटे मावत असतील, तर कोंबडी अंड्यावर आहे व ती अंडी कुठेतरी लपवीत आहे. तुरा फिकट, आक्रसलेला असेल किंवा पिसे गळत असतील, तर शोधाशोध व्यर्थ होय.

लपवलेला साठा सापडल्यास आधी काठीने ढीग हलवून व बॅटरीचा उजेड टाकून पाहावे, मगच हात घालावा. अंडी पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे होते, फार जुने तरंगते. तरंगणारे फेकून द्यावे, पण घरापासून दूर खड्ड्यात पुरावे, कारण वासाने मुंगूस परसात येतो. एक खोटे अंडे त्या जागी ठेवून बाकीची सर्व उचलल्यास कोंबडी आणखी काही दिवस तिथेच येत राहते, आणि पेटी नेमकी कुठे मांडायची हे कळते.