मंडळीची बातमी कोण लिहिणार?

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचा माध्यम विभाग टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात आहे. चर्चच्या बातम्या, चित्रफिती, जाहिराती, संकेतस्थळं आणि ठिकठिकाणच्या माध्यम-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हा सगळा कारभार तिथून चालतो. मनं खुली, विचार खुले, दारं खुली अशा आशयाचं घोषवाक्य घेऊन या विभागाने २००१ मध्ये दूरचित्रवाणीवर जाहिरातींची मोहीम काढली. चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी डॉलर तिच्यासाठी राखले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, प्यू संशोधन केंद्राने अमेरिकेतल्या धर्मजीवनाची मोठी पाहणी केली. तिच्यात या चर्चचे अमेरिकेतले ९४ टक्के सदस्य गोरे असल्याचं दिसलं.

अशा चर्चमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, पॅसिफिक बेटांवरच्या किंवा मूळ अमेरिकी कुटुंबातली एखादी तरुणी पदवी घेऊन बाहेर पडते. तिला लिहिता येतं, कॅमेरा हाताळता येतो, मंडळीत ती लहानाची मोठी झालेली असते. पण चर्चच्या बातम्या ठरवणाऱ्या टेबलापाशी तिच्या ओळखीचं कुणी बसलेलं नसतं. तिच्यासारख्यांसाठी नॅशव्हिलच्या या विभागाने ज्युडिथ एल. वाइडमन यांच्या नावाने फेलोशिप सुरू केली. वाइडमनबाई स्वतः मेथडिस्ट धर्मसेविका आणि हाडाच्या पत्रकार. धार्मिक बातम्या पुरवणाऱ्या ‘रिलिजिअस न्यूज सर्व्हिस’ या वृत्तसंस्थेच्या त्या संपादक होत्या, आणि १९९०च्या दशकात नॅशव्हिलच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. स्त्रियांनी पाळकपद सांभाळावं की नाही, यावर अनेक चर्चमध्ये वाद पेटलेले असताना, १९८०च्या दशकात त्यांनी स्त्री-पाळकांवरचं आणि ख्रिस्ती स्त्रीवादावरचं अशी दोन पुस्तकं संपादित केली. जिथे आपली माणसं नाहीत तिथे जागा कशी करून घ्यायची, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

फेलोशिपचा आराखडा साधा आहे. मुदत एक वर्षाची. नॅशव्हिलमध्ये प्रशिक्षण मिळतं आणि मग उमेदवाराला एखाद्या कॉन्फरन्सच्या माध्यम कार्यालयात पाठवतात. मेथडिस्टांमध्ये कॉन्फरन्स म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, त्यात शेकडो मंडळ्या असतात. तिथला अनुभवी माध्यम-अधिकारी वर्षभर मार्गदर्शक म्हणून सोबत असतो. आणि वर्षभर पगार मिळतो, नोकरीतल्या सवलतींसह.

पगाराची ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत माध्यमांचं दार अनेकदा बिनपगारी उमेदवारीतून उघडतं. वडिलांच्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये सहा महिने राहू शकणारा मुलगा त्या दारातून आत जातो. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेली, घरी पैसे पाठवणारी मुलगी जात नाही. तिला कुणी नाकारत नाही, ती अर्जच करत नाही. म्हणून अल्पसंख्याकांसाठी योजना काढायची आणि तिला पगार ठेवायचा नाही, ही मी फसवणूक मानतो. वाइडमन फेलोशिप निदान या बाबतीत प्रामाणिक आहे.

वर्षभर काम काय असतं? बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच किचकट. पुरात वाहून गेलेल्या गावात मदत कुठून आणि कशी पोचते आहे हे तासाभरात लिहून द्यायचं, बिशपचं पत्र चार ओळींत आणायचं, वारलेल्या पाळकावर मृत्युलेख लिहायचा, एखाद्या मंडळीत आर्थिक गैरव्यवहार निघाला तर बातमीदारांच्या फोनला खरं आणि नेमकं उत्तर द्यायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि शिकण्यासारखंही तेच.

वर्षाचा कस लागतो तो कॉन्फरन्सच्या वार्षिक सभेत. मोठं सभागृह, शेकडो प्रतिनिधी, तीन-चार दिवस. नव्या पाळकांना बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात, वर्षभरात वारलेल्यांचं स्मरण होतं, ठरावांवर वाद होतात, अंदाजपत्रक मताला टाकलं जातं. रात्री सगळे जेवायला गेले की माध्यम-कक्षात खरं काम सुरू होतं. फोटो निवडायचे, मथळे द्यायचे, मतांचे आकडे तपासायचे.

यातली फोटोखालची ओळ घ्या. मंचावर सात माणसं उभी आहेत. डावीकडून तिघे गोरे पाळक, त्यांची पूर्ण नावं आणि हुद्दे कार्यालयाच्या यादीत तयार. उजवीकडे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेल्या, टोंगन गायकवृंदातल्या चार बाया. घाईत असलेला माणूस लिहितो, ‘पाळकांसोबत टोंगन मंडळीतील सदस्य’. शैली म्हणून या ओळीत खोट नाही. पण वीस वर्षांनी कुणी ते दप्तर उघडलं तर तिघांना नाव असेल आणि चौघींना नसेल. ज्या मुलीची आजी अशाच गायकवृंदात गायली आहे, ती वही घेऊन उठते, चौघींना गाठते आणि नावं त्यांच्याकडूनच लिहून घेते. कोरियन माणसाचं आडनाव आधी की नंतर, हमोंग नावाचं स्पेलिंग घरचे लोक कसं करतात, हेही ती विचारते. यात दहा मिनिटं जातात. वार्तांकनात विविधता हवी असं सगळेच म्हणतात. कार्यालयात ती या दहा मिनिटांच्या रूपाने येते, आणि ती दहा मिनिटं खर्च करावीत असं वाटणारं माणूस तिथे असावं लागतं.

या चर्चच्या इतिहासात हे माणूस एके काळी होतं, पण वेगळ्या खोलीत. अमेरिकेतले तीन मेथडिस्ट पंथ १९३९ मध्ये एक झाले, तेव्हा चर्चचे पाच विभाग भूगोलावरून पाडले आणि सहावा वंशावरून. देशभरातल्या बहुतेक कृष्णवर्णीय मंडळ्या, कुठल्याही राज्यातल्या असोत, त्या सहाव्या विभागात टाकल्या गेल्या. ऐक्याचा ठराव झाल्यावर सभागृह उभं राहून गायला लागलं, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय प्रतिनिधी जागेवरून उठले नाहीत. काही रडत होते. हा सहावा विभाग १९६८ पर्यंत टिकला.

पण वेगळ्या खोलीतही एक टेबल होतं, १९३९च्या ऐक्याच्या आधीपासूनचं, आणि ते भक्कम होतं. न्यू ऑर्लिन्सहून निघणारं ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ हे कृष्णवर्णीय मेथडिस्टांचं साप्ताहिक. रॉबर्ट एलायजा जोन्स १९०४ पासून १९२० पर्यंत त्याचे संपादक होते. १९२० मध्ये, पुढे एक झालेल्या तीन पंथांपैकी असलेल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने त्यांना बिशप म्हणून निवडलं. त्यांच्याबरोबर मॅथ्यू क्लेअर यांचीही निवड झाली. तोवर या चर्चने अमेरिकेतल्या कारभारासाठी कृष्णवर्णीय बिशप निवडला नव्हता. सोळा वर्षं आठवड्यामागून आठवडा आपल्या लोकांची नावं, शाळा, सभा, लग्नं आणि मृत्यू छापणाऱ्या माणसाला मंडळ्या ओळखत होत्या, हे त्या निवडीमागचं एक उघड कारण. पुढे विलीनीकरणाच्या काळात अशी स्वतंत्र पत्रं बंद झाली किंवा मोठ्या पत्रांत मिसळली. ऐक्य झालं, ते योग्यच झालं. पण जोन्स यांच्यासारखे संपादक घडवणारी जागा त्यात गेली आणि तिच्या बदल्यात नवी जागा लगेच उभी राहिली नाही. वाइडमन फेलोशिपचं मोल मी या हिशेबात धरतो.

१९६८ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. अमेरिकेतल्या शहरांत उसळलेल्या दंगलींची कारणं शोधणाऱ्या कर्नर आयोगाने त्या वर्षी अहवाल दिला आणि त्यातलं एक संपूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांवर खर्च केलं. देशातल्या संपादकीय कर्मचाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी आणि संपादकांमध्ये एक टक्क्याहूनही कमी, असं आयोगाने नोंदवलं होतं.

चर्चने या प्रश्नाला हात घालण्याचं सर्वांत धाडसी उदाहरण मात्र मेथडिस्टांचं नाही. ते युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या एव्हरेट पार्कर यांचं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी ही दूरचित्रवाणी वाहिनी होती. तिच्या प्रेक्षकांत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय, पण पडद्यावर ते जवळजवळ नसतच. नागरी हक्कांचा विषय निघाला की प्रक्षेपणात ‘तांत्रिक बिघाड’ यायचा. बातमीत कृष्णवर्णीय माणसाच्या नावाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ लावत नसत. १९६४च्या मार्चमध्ये पार्कर यांनी स्थानिक स्वयंसेवकांना घेऊन एक आठवडाभर या वाहिनीचं प्रक्षेपण ध्वनिमुद्रित केलं आणि प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ठेवली. स्वयंसेवकांच्या जिवाला धोका होता, म्हणून त्यांची नावं गुप्त राहिली. त्या नोंदींच्या बळावर लढा कोर्टात गेला. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं की वाहिनीच्या परवान्याला हरकत घेण्याचा हक्क सामान्य प्रेक्षकांनाही आहे. त्याआधी तो धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांपुरता होता. १९६९ मध्ये मालकांचा परवाना गेला आणि त्यानंतर १९७२ मध्ये विल्यम डिल्डे या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या हाती वाहिनी आली.

मराठी वाचकाला हे चर्च परकं वाटायला नको. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट १९५७ मध्ये स्थापन झालं, पण त्याची एक मुळी काँग्रिगेशनल परंपरेत आहे. त्याच परंपरेतल्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये छापला तो याच ‘ज्ञानोदय’ने. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. मिशनऱ्यांचे हेतू आणि त्यांच्या मर्यादा यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे, आणि त्यातलं बरंच रास्त आहे. तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुक्ताला तिच्या नावानिशी जागा देणारा छापखाना त्या काळात दुसरीकडे फारसा सापडत नव्हता, हेही खरं.

या फेलोशिपविषयी माझी तक्रार मुदतीची आहे. पहिले तीन महिने गावं, माणसं आणि यंत्रणा समजण्यात जातात. मंडळ्या विश्वास टाकू लागतात तोवर सहा महिने उलटतात. कुठल्या पाळकाला फोन केला तर खरी माहिती मिळते, कुठली आजीबाई साऱ्या गावाचा इतिहास सांगते, हे उमजेपर्यंत निरोपाची वेळ येते. वर दुसरं एक ओझं: कार्यालयात आपल्या वंशाचं एकच माणूस असलं की वंशाचा विषय निघताच सगळ्या माना तिच्याकडे वळतात. तिला हवामानावर, निवृत्तिवेतनावर किंवा गायनावर लिहायचं असतं, आणि काम येतं ते कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचं. चांगला मार्गदर्शक हे ओळखतो आणि तिला अंदाजपत्रकाच्या बैठकीला पाठवतो.

मुदत दोन वर्षांची हवी, आणि दुसऱ्या वर्षाच्या पगारातला वाटा कॉन्फरन्सने उचलायला हवा. पैसा कमी आहे, हे मान्य. २०१९ ते २०२३ या काळात लैंगिकतेच्या वादावरून अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, या चर्चमधून बाहेर पडल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची वर्गणीही गेली. अशा वेळी पहिली कात्री माध्यमांच्या खर्चाला लागते. पण कॉन्फरन्सच्या कार्यालयात कुणाला कायम ठेवायचं याचा निर्णय नॅशव्हिलमध्ये होत नाही. तो वार्षिक सभेत, अंदाजपत्रकाच्या ठरावावर हात वर करून होतो, आणि त्या सभेची बातमी लिहायला फेलो तिथेच बसलेली असते.