गाडी दोन मिनिटांत बनते की तीस तासांत?

महाशिवरात्रीच्या यात्रेत गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी मोटारींची रांग लागते. त्यातली एखादी चाकणला तयार झालेली असेल, तर ती बनायला किती वेळ लागला? याची दोन उत्तरं आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिलं उत्तर ‘टॅक्ट टाइम’चं. समजा, चहा-जेवण वजा जाता पाळीत 420 मिनिटं काम चालतं आणि 210 गाड्या हव्यात. मग दर दोन मिनिटांनी लाइनवरून एक गाडी उतरलीच पाहिजे. पण त्याआधी ती बॉडी शॉप, पेंट शॉपमधून कित्येक तास फिरलेली असते. रंगाचा पहिला थर भट्टीत पक्का व्हायला लागणारा वेळ लागतोच. तिथे घाई चालत नाही.

दुसरं उत्तर एका गाडीमागे लागलेल्या कामगारांच्या तासांचं. कंपन्यांची खरी तुलना इथे होते. फोर्डने 1913-14 मध्ये फिरती लाइन आणून चासीची जोडणी साडेबारा तासांवरून 93 मिनिटांवर आणली. पुढे 1986 च्या पाहणीत जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जोडणीला 31 तास लागत होते, टोयोटाच्या ताकाओकात 16. जपानी कामगारांचे हात दुप्पट वेगाने चालत होते का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियात जनरल मोटर्सचा बंद पडलेला फ्रीमाँट कारखाना 1984 मध्ये टोयोटाच्या पद्धतीने सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच होते, आणि तिथे 19 तास लागले! फरक पद्धतीचा होता. प्रेसचा डाय, म्हणजे साचा, बदलायचं तासांचं काम टोयोटाने मिनिटांवर आणलं होतं. त्यामुळे सुटे भाग गरजेपुरते घडायचे, चूक लगेच सापडायची आणि दुरुस्तीत जाणारे तास वाचायचे. मला फ्रीमाँटचा हा प्रयोग सगळ्या उद्योगातला सर्वात मोलाचा वाटतो.

2021 मध्ये फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांनी आपल्याच लोकांना बजावलं: आपल्या त्स्विकाऊ कारखान्यात गाडीला तीस तासांहून जास्त लागतात, टेस्लाला बर्लिनजवळ दहाच लागतील. टेस्ला मागच्या सांगाड्याचे सुमारे 70 तुकडे जोडण्याऐवजी तो ओतूनच काढते. जोडच नाही, तर जोडायचा वेळही नाही.

असे आकडे वाचताना मात्र एक विचारा: कोणतं काम मोजलंय? फ्रेमिंगहॅम-ताकाओकाचा कच्चा हिशेब 40.7 विरुद्ध 18 तासांचा होता. दोन्हीकडचं काम आणि गाडी सारखी धरल्यावर तो 31 विरुद्ध 16 झाला.