उडी क्षणाची, खोदकाम आठवड्याचं

भिलाईत सायकलींना कधी तोटा नव्हता. तोटा आहे तो उताराचा. सेक्टरांमधले रस्ते सरळसोट. जरा चढ हवा असेल तर उड्डाणपूल गाठायचा आणि खरा डोंगर हवा असेल तर थेट दल्ली-राजहरा, जिथून भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज येतं. अशा गावात ‘माउंटन बाइक’ हे नाव जरा आगाऊच वाटतं. तरी दुकानांत जाड टायरच्या सायकली झळकतात आणि पोरांच्या मोबाइलवर कोणी ना कोणी कड्यावरून कोलांटउडी मारत असतो. तर या उड्या मारून पोट भरणाऱ्यांच्या, त्यासाठी देशोदेशी हिंडणाऱ्यांच्या काही गमती.

धूर काढणारे ब्रेक. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीत काही टोळभैरव जुन्या, अवजड सायकली डोंगरावर न्यायचे आणि सुसाट खाली सोडायचे. ब्रेक मागे पॅडल मारून लागणारा. तळाशी पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. आजच्या लाखालाखाच्या माउंटन बाइकचे पूर्वज हेच. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, माउंटन बायकिंग पदकांचा खेळ झाला. कोलांटउड्यांची शाखा मात्र ऑलिंपिकबाहेरच राहिली. तिचं दैवत वेगळं आहे: प्रायोजक.

फावडं आधी, सायकल नंतर. या शाखेची सगळ्यात धडकी भरवणारी जत्रा म्हणजे अमेरिकेत युटामधल्या व्हर्जिन गावाजवळची ‘रेड बुल रॅम्पेज’. २००१ पासूनची. इथं तयार ट्रॅक नसतो. स्पर्धकाला लाल मातीचा उभा कडा दाखवतात आणि आपली वाट आपणच कोर म्हणतात. सोबत दोन मदतनीस, हातात फावडी-कुदळी, वाळूची पोती. यंत्रं वापरायला बंदी. दिवसचे दिवस घाम गाळून उतार आणि उड्यांचे उंचवटे रचायचे आणि मग दोन फेऱ्यांपैकी चांगली एक मोजली जाते. परीक्षक वाटेची अवघडता बघतात, उडीची उंची बघतात, सायकलवरचा ताबा आणि नखराही बघतात.

२०१३ मध्ये न्यूझीलंडच्या केली मॅकगॅरीनं इथं ७२ फुटांच्या दरीवरून उलटी कोलांटउडी मारली. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, म्हणजे यष्टीपासून यष्टीपर्यंत, वर थोडं आणखी, तेही डोकं खाली करून. एवढं करून नंबर आला दुसरा! कॅनडाच्या ब्रँडन सेमेनुकनं ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आहे. बायकांना मात्र इथं पाऊल ठेवायला २०२४ उजाडलं. पहिली विजेती न्यूझीलंडची रॉबिन गूम्स.

इतक्या उंचावरून पडून हाडं शाबूत कशी? गोम उतरण्याच्या जागेत आहे. ती सपाट नसते, उतरती असते. सायकल खाली येते त्याच तिरक्या दिशेनं जमीनही घसरत जाते, म्हणून आपटण्याचा जोर पुढच्या वेगात जिरतो. तीच उडी सपाट डांबरी रस्त्यावर मारली तर काय होईल, हे सेक्टर नऊच्या दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर सांगतील.

मेकॅनिकची नोकरी सुटली. स्कॉटलंडच्या आइल ऑफ स्काय बेटावरचा डॅनी मॅकॅस्किल एडिंबरातल्या सायकल दुकानात मेकॅनिक होता. सुट्टीच्या वेळात मित्रासोबत महिनोन्‌महिने शहरात चित्रीकरण केलं. त्यात एक दृश्य तर डोळ्यांत रुतून बसतं: भाल्यासारखी टोकं असलेलं लोखंडी कुंपण आणि त्यावरून सायकल चालवणारा डॅनी. ते जमेपर्यंत तो किती आपटला असेल ते असो. एप्रिल २००९ मध्ये व्हिडिओ इंटरनेटवर आला, काही दिवसांत लाखोंनी पाहिला आणि दुकानाला दुसरा मेकॅनिक शोधावा लागला. पुढे त्यानं सवंगडी जमवून ‘ड्रॉप अँड रोल’ नावाचा फिरता खेळच काढला: सगळा सरंजाम गाडीत भरायचा, गावात उतरवायचा, उड्या मारायच्या, सह्या द्यायच्या, पुढचं गाव. तमाशाच्या फडाला यात नवं काही वाटणार नाही.

सायकल-कसरतपटू हान्स रे हा डॅनीच्याही आधीचा. १९८७ पासून अमेरिकेत सायकल कंपनीचा चेहरा म्हणून त्यानं जगभर खेळ केले. २००५ मध्ये त्यानं गरजूंना सायकली देणारी संस्था काढली, कारण अनेक देशांत सायकल म्हणजे उड्या नव्हेत, शाळा आणि दवाखाना गाठायचं साधन. भिलाईच्या कारखान्यातल्या पाळीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आमचेही होते की! चाकावर कसरती करत परदेश गाठणं मराठी माणसाला नवं नाही. पुण्याचे दामू धोत्रे (जन्म १९०२) मामाच्या सर्कशीत पोरवयात दाखल झाले, अंगकसरती आणि सायकलचे खेळ शिकले. नाव मात्र झालं वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात: १९४० मध्ये ते अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत होते. सायकलवरून पडण्यापेक्षा बिबट्या बरा, असं त्यांना वाटलं असावं, हा माझा तर्क. आणि मुंबईहून १९२३ मध्ये सहा तरुण पारशी सायकलवर जग फिरायला निघाले होते, त्यातल्या तिघांनी १९२८ मध्ये फेरी पुरी केली. आज पुण्याच्या विनय मेननचं नाव आपल्याकडच्या फ्रीराइड, म्हणजे याच उड्यांच्या शाखेतल्या, रायडरांत पहिल्या काहींत घेतलं जातं.

उसनी सायकल. २००४ मध्ये कॅनडातल्या क्रँकवर्क्स या सायकल-महोत्सवातली पहिली स्लोपस्टाइल, म्हणजे उतारावरच्या उड्या-कसरतींची, स्पर्धा पॉल बासागोइटियानं जिंकली, तीही दुसऱ्याची सायकल मागून घेऊन. पुढे २०१५ च्या रॅम्पेजमध्ये त्याच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. या धंद्याच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या वाट्याला आल्या.

उसन्या सायकलीत आणखी एक सापळा असतो. आपल्याकडे, ब्रिटिश रिवाजानं, उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी पुढचा ब्रेक डाव्या हाताला. सवयीनं ‘मागचा’ ब्रेक जोरात दाबावा आणि थांबावं पुढचं चाक, की स्वार थेट हँडलवरून पुढे. तेव्हा परदेशी पाहुण्याला सायकल देताना चहा नंतर विचारा, आधी ब्रेक दाखवा.