पाणी कुठवर आलंय?

पावसाळ्यात नाशिकला एक प्रश्न दिवसभर कानावर पडतो: ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ उत्तर फुटांत किंवा मीटरमध्ये कधीच येत नाही. घोटा, गुडघा, कंबर, छाती असं येतं. गोदाघाटावरचा शेंदरी दुतोंड्या मारुती हे या शहराचं पूर मोजायचं माप आहे. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे जाहीर होतात, होळकर पुलाखालून किती पाणी चाललंय तेही समजतं. पण जुन्या पेठेतल्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायचा की नाही, हे क्युसेकवरून ठरवता येत नाही. पाणी कंबरेला लागलं म्हणजे आपल्या दाराशी काय होतं, हे त्याला वडिलांकडून माहीत झालेलं असतं.

मी ऑगस्टात गेले तेव्हा पंचवटीतल्या मावशीने चहा पुढे ठेवत सांगितलं, ‘आधी गंगेवर जाऊन ये, मग बाकीचं.’ नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि घाटावर जाणं म्हणजे ‘गंगेवर जाणं’. गेले, तर पाणी मारुतीच्या पायाशी खेळत होतं. दोन बाजूंना दोन तोंडं करून तो उघड्यावर उभा आहे, डोक्यावर ना छप्पर ना कळस. देवाला पुरात उभं करायचं आणि त्याच्या अंगावर पाणी वाचायचं, ही कल्पना मला फार मोठी वाटते. 2019 च्या ऑगस्टात तो पुरा बुडाला होता. शेंदूर दिसेनासा झाला की नाशिकला आणखी वेगळा इशारा लागत नाही.

त्याच्याही वरचं एक माप आहे. पंचवटीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे. खरं नाव रामेश्वर, पण ओळखलं जातं ते बांधणाऱ्याच्या नावाने. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 मध्ये बांधलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथून आलेली पोर्तुगीज घंटा या देवळाच्या कोटावर नदीकडे तोंड करून टांगली आहे. घंटा ओतली गेली 1721 साली. कुठल्या देशाची, कुठल्या धर्मासाठी घडवलेली वस्तू, आणि आता तिच्यावर गोदेच्या पुराची हद्द ठरते. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं, असं म्हातारी माणसं सांगतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. ते पूर आयुष्यात एखाददुसरेच.

या दोन खुणांच्या मधे घाट नांदतो. घाटावर काय कुठे आहे, हे पाण्याला विचारून ठरलं आहे, असं दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दगडी पायऱ्या, कुंडं, छोटी देवळं खाली, कारण ती बुडाली तरी गाळ धुतला की परत उभी राहतात. कपालेश्वर उंच पायऱ्यांवर. त्याच्यासमोर नंदी नाही, कारण इथे शंकराने नंदीला गुरू मानलं अशी कथा आहे. बुधवारचा बाजार नदीकाठी भरतो तोही उचलता येईल असाच: भाजीच्या पाट्या, टोपल्या, विळे, ताडपत्री. सकाळी मांडला, संध्याकाळी गुंडाळला.

रामकुंडापाशी नदी पूर्वेची वाट सोडून दक्षिणेला वळते, म्हणून या जागेचं महत्त्व. कुंड 1696 मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं, पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी सुधारलं. अस्थी इथे विरघळतात अशी श्रद्धा आहे. देशभरातून लोक छोटे कलश घेऊन येतात. त्यांना गाठतात ते इथले तीर्थोपाध्ये, आणि त्यांच्या वंशावळींच्या वह्या हे माझ्या मते गोदाघाटाचं सगळ्यात मोलाचं धन.

त्यांच्यातल्याच एका गुरुजींना मी आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. गुरुजींनी फक्त विचारलं, ‘खालची आळी की वरची?’ मला सांगता येईना. मावशीला फोन लावला तेव्हा कळलं, खालची. वह्या घाटावर नसतात, घरी असतात. त्यांच्या घराच्या माडीवर जाऊन बसलो. लांबट, कापडात बांधलेली वही उघडली. आधीची पानं मोडीत, मला एक अक्षर वाचता येईना. गुरुजी बोट फिरवत वाचत गेले. कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, मुलांची नावं काय. शेवटी आलेल्याच्या हातची सही. पणजोबांच्या सहीखाली पणजीचं नाव होतं. आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला सगळे ‘मोठी’ म्हणत, एवढंच आम्हाला माहीत. सखू. मी ते नाव तीनदा वाचून घेतलं. मग गुरुजींनी पेन पुढे केलं. मी माझं नाव, आईचं नाव, तारीख लिहिली. आईचं नाव मुद्दाम ठळक काढलं.

‘वह्या भिजल्या नाहीत कधी?’ मी विचारलं. ‘म्हणून तर माडी,’ ते म्हणाले.

घाटाने सगळ्यांनाच असं जवळ केलं नाही, हेही इथेच आठवायला हवं. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक मंदिराशी पोचली तर दरवाजे बंद. तेव्हा ती वळून गोदेच्या घाटावर आली आणि इथेच सभा झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. या पायऱ्यांवरून चालताना नुसती देवळं मोजून पुढे गेलं, तर घाट अर्धाच पाहिला.

सभेची सवय घाटाला आजही आहे. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. शतक ओलांडलेली. ज्यांच्या नावाचं पटांगण, ते यशवंत महादेव भोसेकर सटाण्याला मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरी लोकांसाठी उघडली. मामलेदाराला देव म्हणावं असं काम. उन्हाळ्यात जिथे श्रोते सतरंजीवर बसतात, तिथेच पावसाळ्यात पुराचं पाणी येऊन बसतं.

एका गोष्टीने मात्र जीव तुटतो. कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं आणि खालचे जिवंत झरे बुजले. ते उकरून काढा म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं भांडताहेत, काही कुंडं मोकळीही झाली. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरीचं देऊळ बारा वर्षांनी त्याच वेळी उघडतं. ते दार उघडेल तेव्हा समोरच्या कुंडात झऱ्याचं पाणी असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

निघायच्या दिवशी पहाटेपासून धार लागली होती. बसस्टँडवरून मावशीला फोन केला. ‘पोचलीस ना स्टँडवर? बरं झालं लवकर निघालीस,’ ती म्हणाली, ‘गुडघ्याला लागलंय.’