सव्वीस अस्थींची वारी

गजानन महाराजांची पालखी पानकनेरगावाहून हिंगोली जिल्ह्यात शिरून सेनगाव, नरसी, औंढा नागनाथ, जवळा बाजार असे मुक्काम करीत परभणीकडे गेली, आणि तिची छायाचित्रे आठवडाभर सर्वांनी पाहिली. माझी दृष्टी मात्र पताकांवर न ठरता सेवेकऱ्यांच्या हाती तेलाने चोळल्या जाणाऱ्या पावलांवर खिळली. शेगाव ते पंढरपूर सुमारे ७०० किलोमीटर; दोन फुटांचे एक पाऊल धरले तर एकेका वारकऱ्याची अकरा लक्षांवर पावले पडतात.

एका पावलात अस्थी २६: घोट्यापासून टाचेपर्यंतच्या भागात सात, तळव्यात पाच लांब शलाका, बोटांत चौदा. दोन्ही पावलांच्या मिळून ५२, म्हणजे देहातील २०६ अस्थींचा चौथा हिस्सा जमिनीलगतच आहे. परंतु मला खरे विस्मयकारक वाटते ते सुश्रुताचे गणित. शव गवतात गुंडाळून सात रात्री पाण्यात ठेवावे आणि मग वाळ्याच्या कुंच्याने हलके घासीत एकेक थर उलगडावा, अशी पद्धत सांगणाऱ्या त्या आचार्याने बोटांत प्रत्येकी तीन याप्रमाणे पंधरा, तळ, कूर्च व गुल्फ यांत मिळून दहा आणि टाचेत एक अशा अस्थी मोजल्या, बेरीज सव्वीसच! विभागणी आजच्याशी जुळत नाही हे खरे, कारण अंगठ्यात आपण दोनच पेरे धरतो. तथापि अंगठ्यामागील शलाकेचे वाढीचे केंद्र इतर चौघींप्रमाणे पुढच्या टोकास नसून पेरांप्रमाणे मागच्या टोकास असते; तेव्हा तिलाच कोणी तिसरे पेर मानले असेल, तर त्या दृष्टीस चूक म्हणण्यास माझे मन धजत नाही.

या अस्थी वेशीच्या कमानीतील चिऱ्यांप्रमाणे एकमेकींत बसल्या आहेत, आणि टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पडदा ती कमान खालून आवळून धरतो. वाचकाने पाऊल जमिनीवर टेकवून हाताने अंगठा वर उचलून पाहावा, म्हणजे कमान आपोआप उंचावताना दिसेल. चालताना टाच उचलली जाते तेव्हा हेच घडते: पडदा रहाटावरील दोरासारखा ताणला जाऊन मऊ पाऊल ताठ तरफ बनते. हिक्स या इंग्रज शल्यविशारदाने १९५४ साली ही क्रिया उलगडून दाखविली.

भार अनावर झाला की सोसावे लागते ते बहुधा दुसऱ्या शलाकेस, कारण तिचे मूळ शेजारच्या अस्थींच्या खाचेत घट्ट जखडलेले असते. प्रशियाच्या फौजेतील वैद्य ब्राइटहाउप्ट याने १८५५ साली दरमजल चालून सुजलेल्या शिपायांच्या पावलांचे वर्णन केले. ती शलाकेस गेलेली बारीक चीर होती, हे क्षकिरणांचा शोध लागल्यानंतरच उमगले. निजामाच्या अमलात आपल्या हिंगोलीसही पलटणींची छावणी होती. तिच्या कवायतीच्या मैदानावर किती पावले अशी चिरली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

आणि म्हणूनच वारकऱ्यांच्या सेवाशिबिरांतील सरसकट मालिशीविषयी मला काळजी वाटते. शिणलेल्या स्नायूस ती सुखावते. परंतु चवड्यामागे, पावलाच्या पाठीवर एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, तर तेथे चोळणे अपायकारक असून विश्रांती हाच उपाय होय. आरंभीचे दोन-तीन आठवडे ही चीर क्षकिरणांतही पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा भरवसा ठेवायचा तो त्या बोटावरच. हे तपासणे प्रत्येक सेवेकऱ्यास शिकविले पाहिजे. त्यास ना खर्च लागतो, ना यंत्र.

ज्या नामदेवांनी पंढरीच्या महाद्वारी संतांच्या पावलांखालची पायरी होणे पत्करले, त्यांच्या नरसीत एक वृद्धा ओट्यावर पाय पसरून बसली होती. टाचांच्या भेगांत काळी माती भरलेली, आणि सुजेमुळे पावलाच्या पाठीवरील शिरा बुजलेल्या. तेलाची वाटी बाजूस सारून एका तरुणाने बोट टेकवीत विचारले, "माउली, इथं दुखतंय का?"

"नाही रे."

बोट अर्धा इंच पुढे सरकले आणि तिने त्याचे मनगट धरले.

"पुढच्या मुक्कामाला गाडीत बसून जायचं, माउली."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तुळशीमाळ सावरली आणि गाडी कुठे उभी आहे, ते विचारले.