मुळशीत वायनरी बांधायची तर

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात पुणे जिल्ह्यातच झाली. 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला 'इंडेज' ही वायनरी उभी केली आणि तिथली फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात पोहोचली. पुढे राजीव सामंत यांच्या 'सुला'ने नाशिकला वाइनचे गाव अशी ओळख दिली. 2001मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. वाइन कशी करावी, हे आपण या काळात बऱ्यापैकी शिकलो. ती करणारी इमारत कशी असावी, याचा विचार मात्र मागे राहिला. वायनरी म्हटली की आजही दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात, पत्र्याची शेड किंवा युरोपातल्या हवेलीची नक्कल. परंपरेचा मान राखायचा म्हणून या नकलेवर कौले चढवली आणि भिंतीवर वारली चित्रे काढली, तरी मूळ प्रश्न सुटत नाही. तो फळाचा, उष्णतेचा आणि पाण्याचा आहे. पुणे जिल्ह्यातल्याच मुळशीसारख्या तालुक्यात या तिन्हींचा हिशेब चोख जुळला, तरच इमारत तिथली ठरेल.

आधी फळ पाहू. वायनरीभोवती द्राक्षबाग हवीच, हा समज मुळशीत टिकत नाही. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला पौड-पिरंगुटकडे तो कमी होत गेला तरी हवा दमटच राहते. अशा हवेत केवडा आणि भुरी हे रोग वेलीची पाठ सोडत नाहीत. बाग टिकवायची तर फवारण्या वाढवाव्या लागतात आणि मग शाश्वततेची भाषा पोकळ ठरते. हा तालुका आंबेमोहोर भाताचा आहे, खाचरे मोडून वेली लावण्यात शहाणपण नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अंगवळणी पडलेले बागायतदार जुन्नर-नारायणगावला आहेतच. द्राक्षे तिथून जानेवारी ते मार्चमध्ये यावीत. मे-जूनमध्ये त्याच टाक्या सह्याद्रीच्या करवंदा-जांभळांसाठी वापराव्यात. जांभळात रंग आणि तुरटपणा भरपूर, साखर मात्र द्राक्षापेक्षा कमी, त्यामुळे ती वरून घालावी लागते. बोर्डीला चिकूपासून वाइन बनू लागली, तेव्हाच वाइन म्हणजे द्राक्षच हा आग्रह महाराष्ट्रात सुटला. यंत्रे वर्षातून दोन हंगाम चालतील आणि रानमेवा गोळा करणाऱ्या कातकरी, धनगर कुटुंबांना ठरलेल्या भावाचे गिऱ्हाईक मिळेल.

आता उष्णता. रसातली साखर आंबते तेव्हा उष्णता सुटते. लिटरमागे 200 ग्रॅम साखर असलेल्या रसातली सगळी उष्णता आतच कोंडली, तर त्याचे तापमान सुमारे 25 अंशांनी चढेल आणि यीस्ट मरेल. पांढरी वाइन तर 12 ते 18 अंशांतच आंबवावी लागते. शीतयंत्राला पर्याय नाही, पण त्याच्यावरचा भार कमी करणे वास्तूच्या हातात आहे. मावळी घराने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. काळ्या दगडाच्या जाड भिंती, खोल वळचण आणि भोवतीची पडवी यांमुळे ऊन आणि पाऊस दोन्ही मुख्य भिंतीपासून दूर राहतात. जानेवारीच्या गार पहाटे दारे-झरोके उघडून दगडात थंडावा साठवायचा आणि दिवसा ते मिटायचे, एवढ्यानेही विजेचे बिल उतरते. जमीन उताराची असेल तर फळ वरच्या पायरीवर उतरवून रस खालच्या टाकीत आपोआप नेता येतो, पंप कमी लागतात. मात्र त्यासाठी डोंगर कापू नये, आहे तो उतार वापरावा. लवासा या डोंगरावरच्या शहराच्या बांधकामाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2010मध्ये बजावलेली नोटीस याच तालुक्यातली आहे.

परंपरा जशीच्या तशी उचलली तर ती जिवावरही बेतू शकते. एक लिटर रस आंबताना सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. चुलीचा धूर कौलांमधून वर निघून जातो, हा वायू मात्र हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो. म्हणून टाक्यांच्या दालनात झरोके फरशीच्या पातळीवर हवेत, जोडीला पंखे आणि वायूमापक हवेत. कारवीचा कूड बाहेरच्या सावलीच्या भिंतीला शोभेल, टाकीजवळ मात्र धुता येणारी गुळगुळीत भिंत आणि स्टेनलेस स्टीलच पाहिजे. जमिनीखालच्या तळघराचा मोहही सोडावा. पावसाळ्यात इथल्या मातीत पाणी उभे राहते. पाठ उताराला टेकवलेली आणि मागून चर काढलेली कोठीच बरी.

सर्वात नाजूक हिशेब पाण्याचा, कारण मुळशीचा इतिहासच पाण्याने लिहिला आहे. 1921मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि पाणी घाटाखाली विजेसाठी वळले. अशा तालुक्यात नव्या कारखान्याने विहिरी-बोअरवर हक्क सांगू नये. आकडे तशी मुभा देतात. वर्षाला 50,000 लिटर वाइन करणाऱ्या वायनरीत, धुण्यासह लिटरमागे 5 लिटर पाणी धरले, तर अडीच लाख लिटर लागते. 1000 चौरस मीटर छपरावर फक्त 1 मीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 8 लाख लिटर हाती येते. टाकीचा खर्च मोठा आहे, हा आक्षेप खरा. पण 10 मीटर लांब, तितकीच रुंद आणि अडीच मीटर खोल टाकी अडीच लाख लिटर धरते, आणि तो खर्च एकदाच होतो. सांडपाणी आम्लयुक्त आणि सेंद्रिय कचऱ्याने जड असते. ते प्रक्रियेशिवाय ओढ्यात सोडणे हा गुन्हाच मानावा. चोथ्याचे खत होते.

राहिला सर्वात गंभीर आक्षेप, की दारूच्या कारखान्याला परंपरेचे नाव द्यावेच कशाला? जानेवारी 2022मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. गावात दारूबंदी व्हावी म्हणून 'बाटली आडवी' करण्यासाठी मतदान करणाऱ्या बायकांनी दारूचे दुःख घरात सोसलेले असते. शेतमालाला भाव मिळतो, हे उत्तर त्यांच्यापुढे पुरे पडत नाही. वास्तुकला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, मर्यादा मात्र घालू शकते. ग्रामसभेची मोकळी संमती आधी घ्यावी. घाटरस्त्याला लागून विक्रीची खिडकी ठेवू नये आणि चव घेण्याचे दालन छोटे, ठरल्या वेळेपुरतेच असावे. गावाने नाही म्हटले, तर वायनरी दुसरीकडे न्यावी.

मालकाने पहिल्या बैठकीत आर्किटेक्टकडून दर्शनी भागाचे चित्र मागण्याआधी तीन तक्ते मागावेत: पाणी कुठून येऊन कुठे जाते, उष्णता कशी निघते आणि फळाचे पैसे कोणाच्या हातात पडतात. हे तक्ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवता आले, तर कौलांचा रंग नंतर ठरवला तरी चालेल.